कढई वेगळी आहे का?

आमच्या घरात चायनीज म्हणजे व्हेज चायनीज. ऐकणाऱ्याला नवल वाटते. बकरीदचे तीन दिवस ज्या घरात गोश्तशिवाय दुसरे काही शिजत नाही, ती माणसे ठेल्यावर गेली की 'एक व्हेज हक्का पार्सल' म्हणतात, हे काय गौडबंगाल? शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तर मला सरळच विचारले होते, "तुम्ही लोक व्हेज पण खाता?"

गौडबंगाल काही नाही. ठेल्यावरची कोंबडी कोणी कापली आणि कशी कापली, हे आपल्याला माहीत नसते. विचारले तर ठेलेवाला माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून "हलालच आहे ताई" म्हणतो. विचारणारा दुसरा कोणी असता तर त्याने त्याला हवे ते उत्तर दिले असते. त्याचाही धंदा आहे, मी त्याला दोष देत नाही. म्हणून अम्मीने घालून दिलेला नियम आम्ही अजून पाळतो: जिथे जबिहाची खात्री नाही, तिथे भाजी. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी हाच नियम असेल.

पण भाजी म्हटल्यावरही प्रश्न संपत नाही. ठेल्यावर कढई एक आणि सराटा एक. चिकन फ्राइड राइस काढला की कढईत पाण्याचा एक हबका मारायचा, कुंच्याने पाणी उडवायचे आणि त्यातच आपली पत्ताकोबी टाकायची. म्हणून मी विचारते, "भैया, कढाई अलग है क्या?" गोंदियाच्या बाजारात तोंडी हिंदीच येते. मागच्या हिवाळ्यात एका ठेल्यावर मी हे विचारायला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या काकांनी तेच विचारायला एकच गाठ पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना भीती होती ती भांड्याला मांस लागल्याची. मला भीती होती ती भांड्याला लागलेले मांस हलाल नसल्याची. प्रश्न मात्र अक्षरशः एकच. ठेलेवाल्याने दोघांनाही मान हलवून "हो" म्हटले. ती दुसरी कढई मला तरी कुठे दिसली नाही. काकांनाही दिसली नसावी, कारण आम्ही दोघेही पार्सल न घेता निघालो.

त्यानंतर मी हे नूडल्स घरी करायला लागले. ते कसे जमले ते सांगतेच, पण त्याआधी या पदार्थाबद्दल थोडे.

'हक्का' हे नाव मसाल्याचे नाही, माणसांचे आहे. हक्का ही चीनमधली एक जमात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कोलकात्यात येऊन राहू लागले. त्यांच्यातल्या हक्का लोकांनी पुढे टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. ज्या कामाला इथले 'वरचे' लोक हात लावत नव्हते, ते काम त्यांच्या वाट्याला आले. त्याच वस्तीतल्या स्वयंपाकघरांत आणि खानावळींत आपल्या जिभेला रुचेल असे तिखट, लसणीचे, सोया सॉसचे चायनीज तयार झाले. मंचुरियन तर चीनमध्ये मागितले तर कोणी ओळखणारही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केले, असे सांगतात. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतून आलेला हा पदार्थ आज आपल्याकडे सोवळ्यातल्या माणसांच्या लग्नातही एका वेगळ्या काउंटरवर असतो, याची मला मौज वाटते. हावड्याहून मुंबईला जाणारी रेल्वेगाडी आमच्या गोंदियावरूनच जाते. हा पदार्थ मात्र बहुधा आधी मुंबईला जाऊन, मग मागे वळून आमच्याकडे आला असावा.

अम्मीला मी पहिल्यांदा नूडल्स करून वाढले तेव्हा ती म्हणाली, "ये तो सेवई है. बस मीठी नहीं." तिचे म्हणणे खोटे नव्हते. इदच्या आधी शेवया करून खाटेवर पांढऱ्या चादरीवर वाळत घातलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. कणकेची लांब दोरी करून वाळवायची आणि हवी तेव्हा शिजवायची, ही युक्ती कोणा एकाची नाही. अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिलीच्या राजासाठी ११५४ मध्ये पुस्तक पूर्ण केले. तिथल्या त्राबिया गावात 'इत्रिया' नावाच्या पिठाच्या दोऱ्या भरपूर तयार होतात आणि त्या जहाजांतून मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत जातात, अशी नोंद त्याने केली आहे. चीनमध्ये लांझोऊ शहराच्या हाताने ओढलेल्या नूडल्स प्रसिद्ध आहेत. त्या करणारे मूळचे हुई मुसलमान, आणि त्यांच्या दुकानांवर 'चिंगझेन' म्हणजे हलाल अशी पाटी असते. इतके लांब कशाला, आपल्या विदर्भातल्या बाया काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करतात, वाळवतात, उकडतात आणि आंब्याच्या रसासोबत वाढतात. त्यांना कोणी कधी इटलीचे किंवा चीनचे म्हटले नाही.

मी स्वतः पहिले नूडल्स ठेल्यावर खाल्ले नाहीत. माझे माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. या तालुक्यात गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसलेली. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला, पण तिबेटी लोक त्या वसाहतीला अजूनही 'भंडारा'च म्हणतात. बाहेरच्या लोकांना हे सांगितले की खरे वाटत नाही. नवेगाव बांधचे जंगल, धानाची बांधी, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या झळा आणि त्यात प्रार्थनेच्या रंगीत पताका! प्रतापगडावर महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तिथेच ख्वाजा उस्मान हारुनींच्या नावाचा दर्गाही आहे. आमच्या भागात देवाच्या वाटेवर गर्दी सगळ्यांचीच असते.

अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सायकलला पेटी बांधून गावोगाव जायचे, आणि त्या वसाहतीतही. मी सात-आठ वर्षांची असेन, एकदा मलाही पुढच्या दांड्यावर बसवून नेले. मशीन उघडून तेलपाणी करता करता दुपार झाली. त्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, जेवून जा. अब्बा संकोचले. दुसऱ्याच्या दारात काय बोलावे हे त्यांना कळेना. "हम लोग..." एवढेच म्हणाले आणि थांबले. आजीबाईंना पुढचे वाक्य लागले नाही. त्यांनी चुलीवर पाणी उकळले, फळीवरचा एक गंज काढला, आमच्या समोर अंगणात आणून राखेने घासला आणि उकळते पाणी ओतून विसळला. दोनदा. मग त्यात फक्त मुळा, पालक आणि कांदा घालून थुक्पा केला. लांब शेवया, पातळ गरम पाणी, वर हिरवे. मला तेव्हा तो अळणी वाटला होता. पण अब्बा घरी येऊन अम्मीला चवीबद्दल काही बोलले नाहीत. "बर्तन दो बार धोया, बिना पूछे," एवढेच तीन-तीनदा सांगत राहिले.

आता कृती. ठेल्यावरची चव घरी येत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याचे पहिले कारण सॉस नाही, आच आहे. ठेल्यावर एकोणीस किलोचा सिलिंडर, जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि फरफरणारी भट्टी असते. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा, त्याचा दाब कमी ठेवलेला, आणि तो तसाच असावा. कोणी कितीही सांगितले तरी भट्टीचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावू नका. कमी आचेवर काम भागवायचे तर बाकीच्या सगळ्या गोष्टी आपल्याला सुधाराव्या लागतात, आणि त्या सगळ्यांचा शत्रू एकच: पाणी. कढईत ओल गेली की भाजी परतली जात नाही, उकडते. मग नूडल्सचा लगदा होतो आणि घरातले म्हणतात, ठेल्यासारखे नाही झाले.

म्हणून नूडल्स सकाळीच उकडून ठेवायचे. दीडशे ग्रॅमचे एक पाकीट म्हणजे दोन माणसांचे. मोठ्या गंजात दीड लिटर पाणी खळखळ उकळू द्या, मीठ घाला, नूडल्स टाका. तीन मिनिटे झाली की एक दोरी काढून दाताने तोडून बघा. मध्ये सुईएवढा पांढरा ठिपका दिसला की लगेच चाळणीत ओता आणि वरून थंड पाणी सोडा. पूर्ण शिजू दिले तर पुढे कढईत मोडतात. पाणी पूर्ण निथळले की परातीत पसरा, चमचाभर तेल बोटांनी चोळा आणि पंख्याखाली ठेवा. हात लावला तर चिकटू नये, कोरडे लागावे. फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवले तर आणखी चांगले.

भाज्यांत पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, थोडी फरसबी आणि पातीचा कांदा. टमाटर नको, त्याला पाणी सुटते. सगळे काडेपेटीतल्या काडीएवढे लांब आणि बारीक चिरायचे, म्हणजे एकाच वेळात शिजतात. धुवायचे ते चिरायच्या आधी, आणि फडक्याने पुसून. भाजी नूडल्सइतकीच हवी. ठेल्यावर ती कमी असते कारण भाजी महाग आणि मैदा स्वस्त. घरी तो हिशेब करायचे कारण नाही.

कढई लोखंडी. नॉनस्टिक या कामाला नको, इतकी आच तिच्या लेपाला सोसत नाही. रिकामी कढई मोठ्या शेगडीवर धूर येईपर्यंत तापू द्या. मग दोन चमचे फल्ली तेल. आले, लसूण, हिरवी मिरची, मोजून दहा सेकंद. मग कांदा, लगेच गाजर आणि फरसबी, मिनिटभराने शिमला मिरची आणि पत्ताकोबी. मीठ, चिमूटभर साखर. सराटा थांबू द्यायचा नाही. पत्ताकोबी कच्ची आहे असे वाटत असतानाच नूडल्स घाला. सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवा: चमचाभर सोया सॉस, चमचाभर सिरका, चमचाभर लाल मिरचीचा सॉस, अर्धा लहान चमचा मिरपूड. हे मिश्रण नूडल्सवर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेने गोल फिरवून सोडा. चर्र आवाज होतो आणि सॉस जरासा करपतो. ठेल्यावरून जाताना जो वास येतो ना, तो हाच. दोन सराट्यांनी वर-खाली करा, पातीच्या कांद्याची हिरवी पात घाला, गॅस बंद.

एका वेळी दोनच माणसांचे करा. सहा जणांचे करायचे तर तीन वेळा करा. एकदम टाकले की कढई थंड पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाट बघणाऱ्यांना बघू द्या, ठेल्यावर बघतातच की.

बाटल्यांबद्दल आपल्या लोकांचे प्रश्न असतात, म्हणून थोडक्यात. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्याही कामाचा आहे. तो काढला गेला शाकाहाऱ्यांसाठी, पण जिलेटिन, चरबी असल्या शंका तो आपल्यासाठीही मिटवतो. दारूचे मात्र तो काही सांगत नाही, तिथे लेबलच वाचावे लागते. सिरक्याची तारीफ तर हदीसमध्येच आली आहे. दारूपासून मुद्दाम केलेल्या सिरक्याबद्दल मतभेद आहेत. आम्ही विदर्भातले बहुतेक हनफी तो चालतो म्हणतो, कोकणातले आमचे शाफई भाऊ नाही म्हणतात. पण किराणा दुकानातली पांढरी बाटली 'सिंथेटिक' असते, तिचा दारूशी संबंधच नाही, त्यामुळे तो वाद तुमच्या कढईपर्यंत येत नाही. अजिनोमोटोबद्दल सांगायचे तर १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळातून ती चव शोधली. २००१ च्या सुरुवातीला इंडोनेशियात त्या पावडरीवरून मोठा गदारोळ झाला. ती तयार करण्याच्या एका टप्प्यावर डुकरापासूनचे विकर वापरले होते असे निघाले आणि कंपनीला बाजारातून माल परत घ्यावा लागला. पुढे पद्धत बदलली. मी ती घालत नाही. भीतीने नाही, चिमूटभर साखरेने आणि नीट करपलेल्या सॉसने काम होते म्हणून.

आता कढईचे. माझी नूडल्सची कढई वेगळी आहे. आठवडी बाजारातून आणलेली, खिळ्याला टांगलेली, आणि आजवर तिच्यात गोश्त शिजलेले नाही. अंडेसुद्धा नाही. माझी नणंद यावर हसते. म्हणते, "भाभी, इतना क्यों? वो लोग वैसे भी नहीं खाएंगे." तिच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तिने जे पाहिले आहे त्यातून ती बोलते. आमच्याकडच्या पाण्याचा पेलाही हळूच बाजूला सरकवून ठेवणारी माणसे मीही पाहिली आहेत.

पण मला कढईबद्दल कोणी विचारले तर राग येत नाही. मीच ठेल्यावर उभी राहून तोच प्रश्न विचारते, मग दुसऱ्याने माझ्या दारात विचारला तर तो अपमान कसा? माणसाला आपल्या तोंडात काय जाते हे विचारायचा हक्क आहे. फरक पडतो तो इथे: काही जण कढई विचारतात आणि काही जण हात विचारतात. कढईच्या प्रश्नाला उत्तर आहे. वेगळी ठेवता येते, दोनदा धुता येते, समोर धुऊन दाखवता येते. हाताच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? तो तर माझाच आहे. आणि समोरचा कोणता प्रश्न विचारतो आहे, हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसते.

धाकट्याच्या वाढदिवसाला वर्गातली पाच मुले येणार होती. दोघांच्या घरी सगळे चालते, तिघे शाकाहारी. आदल्या दिवशी त्यातल्या एकाच्या आईचा फोन आला. बराच वेळ अभ्यास, पाऊस, नवा गणिताचा मास्तर असे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे... खायला काय ठेवलंय?" मी सांगितले, व्हेज नूडल्स आणि बिनअंड्याचा केक. कढई वेगळी आहे, आणि अकरा वाजता या, तुमच्यासमोरच करते. पलीकडे जरा शांतता झाली. "नाही हो, तसं काही नाही," त्या म्हणाल्या. त्या आल्या नाहीत, पण मुलगा आला.

मी सहा ताटल्या तीन फेऱ्यांत केल्या. चार पाहुण्यांनी आणि आमच्या धाकट्याने दुसऱ्यांदा मागून घेतल्या. तो मुलगा केक खाऊन, वेफर्सची वाटी पुढ्यात घेऊन बसला. "भूक नाही आंटी," म्हणाला. घरून पढवून पाठवलेले होते, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. दहा वर्षांच्या मुलाला असे दोन घरांच्या मध्ये बसवणे मला बरे वाटले नाही, म्हणून मी आग्रह केला नाही. त्याची ताटली झाकून ठेवली. सगळे खेळायला गेले तेव्हा तो एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ही ती कढई?" त्याने विचारले. मी हो म्हटले. त्याने ती खिळ्यावरून काढून हातात घेऊन बघितली, जड आहे म्हणाला, आणि पुन्हा टांगून ठेवली.

चार दिवसांनी त्याच्या आईचा पुन्हा फोन. या वेळी गणिताच्या मास्तरांचे काही नव्हते. म्हणाल्या, "मॅडम, आमचा रोज त्या वासाचं सांगतो. मी काल करून पाहिले, तर सगळा गोळा झाला. तुम्ही उकडता किती वेळ?"

मी सांगितले. तीन मिनिटे, दाताने तोडून बघायचे, थंड पाणी, परात, पंखा. त्या लिहून घेत होत्या, मध्येच थांबा म्हणत होत्या. सॉस कडेने सोडायचा हे दोनदा विचारले.

"आणि कढई कोणती?"

"लोखंडी. जाड बुडाची. नॉनस्टिक नको."

"आमच्याकडे नाही. तुम्ही कुठून घेतली?"

मी बाजार सांगितला, ओळ सांगितली, कोपऱ्यावर जो म्हातारा पोती पसरून बसतो त्याच्याकडे बघा म्हटले. भाव करा, पहिल्यांदा तो दीडपट सांगतो. आणि आणल्या आणल्या वापरू नका. आधी चिंच लावून घासा, तेल लावून तापवा, आणि पहिल्या दिवशी तिच्यात नुसते कांदे परतून टाकून द्या.